झील

कॅसेटच्या कव्हरवर तिघींचे फोटो होते.
चौथीच्या जागी छापलं होतं: किंमत अठरा रुपये.
ती चौथी मी.

मौजा पिंपळटोली, तालुका पवनी.
धानाच्या बांधीत रोवणा चालायचा,
पंचफुलानं ओळ उचलायची,
बेबीनंदानं ती वर न्यायची,
सुकेशनी मधेच हसायची, तेही सुरातच,
अन् मी खाली, चिखलाजवळ,
ओळ जिथं टेकते तिथं तिले हात द्यायची.
कोणी शिकवलं नव्हतं.
सोबत वाकलं की श्वास सोबत सुटते, एवढंच.

टेंभुर्णे मास्तर पेटी घेऊन आले, नाव देऊन गेले:
वैनगंगा भगिनी गायन पार्टी.
आम्ही बहिणी नव्हतो.
दोन शेंडे, एक रामटेके, मी खोब्रागडे.
एकाच थानाच्या चार निळ्या साड्या,
पोलके मास्तरच्या बायकोनं शिवले, चारही तिच्याच मापाचे.
बिदागी एकशे एक, वरून आलूभात.
माईक एकच. पंचफुला पुढं,
आम्ही तिघी दीड हात मागं.
माईकले कोण चांगलं गाते ते कळत नाही,
अंतर कळते.

ब्याण्णव साली नागपुरात, एका भांड्याच्या दुकानावरच्या माडीत,
भिंतीले अंड्यांचे ट्रे चिकटवलेले,
एका रात्रीत आठ गाणी.
पहाटे रेकॉर्डिंगवाला म्हणाला, बसा, एक ऐकवतो.
अमेरिकेतल्या बाया, म्हणे. काळ्या.
मोटारीच्या कारखान्यात बाप राबणाऱ्या पोरी.
एक पुढं, तिघी मागं.

शब्द एक समजला नाही.
पण दुसऱ्या कडव्यात पुढची दमली,
अन् मागच्या एकीनं ती फट भरली,
कुडाची भेग बोटानं लिंपावी तशी.
मी सुकेशनीचा हात दाबला.
"हे मी आहो," म्हणाली.
"तिचं नाव काय, दादा?"
त्यानं कव्हर उलटंपालटं केलं.
पुढचीचं नाव होतं, मोठ्या अक्षरात.
बाकीच्यांचं त्यानं वाचून सांगितलं:
"आणि मंडळी."

सुकेशनी लग्न होऊन बालाघाटकडं गेली.
तिच्या जागी मास्तरची भाची आली. साडी तीच.
बेबीनंदानं हिशेब मागितला.
मास्तर म्हणाले, नाव माझं आहे,
पोरी काय, येतात जातात.
मग पंचफुलाची एकटीची कॅसेट निघाली,
फोटोत तिनं गॉगल घातला होता.
पुढं एका पौर्णिमेले एकाच रात्री
वडशाले अन् भिवापूरले
दोन वैनगंगा पार्ट्या गायल्या,
अन् दोन्हीत आम्हा चौघींतली
एकही नव्हती.
मी त्या रात्री घरी होती. तांदूळ निवडत होती.

आता शाळेची खिचडी रांधते.
पोरं प्रार्थना म्हणतात तर
माझ्याकडून खालचा सूर लागूनच जाते.
एक पोरगी वळून पाहाते. गुरुजी नाही पाहात.

मागल्या उन्हाळ्यात पंचफुला आली.
गळ्याचं ऑपरेशन झालेलं, पदरानं झाकलेलं.
चुलीसमोर पाटावर बसली, चहा अर्धाच प्याली,
अन् काही न सांगता ते जुनं रोवण्याचं उचललं.
आवाज कुठचा, नुसता वारा.
तिसऱ्या शब्दाले अडकली
अन् मी सवयीनं आत शिरली.

"थांब वच्छला," म्हणाली ती.
"तेव्हाही असंच करायची तू.
तीस वर्षं झाली,
मले श्वास पुरा घेऊच दिला नाही कधी."

मले वाटत होतं, मी तिले सावरत होती.

मी चूप झाली.
फट तशीच उघडी राहिली.
तिनं डोळे मिटले, छाती भरली,
बऱ्याच वेळानं पुढचा शब्द काढला,
तोवर एक टिटवी
घरावरून ओरडत गेली,
एकदम बेसूर.